अठरा ठोक्यांचा हिशेब

इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरच्या संदर्भपुस्तकात प्रत्येक सूचनेपुढे एक आकडा छापलेला असे. ती सूचना पुरी करायला प्रोसेसरला लागणारा वेळ त्यात दिलेला असे, पण तो सेकंदांत नव्हे, तर घड्याळाच्या ठोक्यांत. संगणकात स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे एक घड्याळ असते आणि त्याच्या ठोक्याठोक्याने प्रोसेसरचे काम पुढे सरकते. ३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोके. या कोष्टकातल्या एका ओळीपुढे मात्र एकाऐवजी दोन आकडे होते. रिअल मोडमध्ये २ ठोके, प्रोटेक्टेड मोडमध्ये १८. ती ओळ सेगमेंट रजिस्टरमध्ये नवा आकडा भरण्याच्या सूचनेची होती.

१९९५ च्या जानेवारीत या ओळीवर बोट ठेवून मी एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना म्हणालो होतो, "साहेब, चोर सापडला." पुढे कळले की चोर तो नव्हताच. दोन आणि अठरा हे दोन्ही आकडे खरे होते, तरी त्यांवरून मी काढलेला निष्कर्ष खोटा होता. त्याची किंमत मला सहा आठवड्यांच्या कामाने मोजावी लागली, आणि एका निरपराध माणसाला त्याहून जास्त. हा लेख त्या ओळीविषयी आहे. सेगमेंट रजिस्टर म्हणजे काय, ते बदलायला वेळ का लागतो, तो वेळ मोजायचा कसा आणि मोजलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी, जुन्या बाजारातून आणलेली माहितीपुस्तके आणि स्वतःच्या चुका एवढेच माझे भांडवल. त्यामुळे संगणकशास्त्र न शिकलेल्या वाचकालाही हे समजावे, अशा बेताने लिहितो.

पेठ आणि घर क्रमांक

पुण्यात जुन्या पत्त्यांची एक रीत आहे. आधी घराचा क्रमांक, मग पेठेचे नाव. सदाशिव पेठेतल्या दुकानात उभे राहून एखादा क्रमांक कुठे आला असे विचारले, तर पेठेचे नाव सांगावे लागत नाही, ते गृहीत असते. नारायण पेठेतले घर हवे असेल, तर मात्र पेठेचे नाव घ्यावे लागते.

इंटेलने १९७८ साली आणलेल्या ८०८६ प्रोसेसरमध्ये मेमरीतले पत्ते असेच दोन भागांत होते. या प्रोसेसरची रजिस्टरे, म्हणजे त्याने हाताशी ठेवलेले आकड्यांचे खण, १६ बिटांची होती. १६ बिटांत ० ते ६५,५३५ एवढेच आकडे मावतात. मेमरी मात्र एक मेगाबाइटपर्यंत, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांपर्यंत जोडता येत होती आणि तिच्या पत्त्याला २० बिट लागत होते. लहान खणात मोठा पत्ता बसवायचा, तर त्याचे दोन तुकडे करणे भाग होते. पेठेचा आकडा सेगमेंट रजिस्टरमध्ये ठेवायचा आणि घराचा आकडा, ज्याला ऑफसेट म्हणतात, सूचनेबरोबर द्यायचा. प्रोसेसर सेगमेंटच्या आकड्याला १६ ने गुणतो, त्यात ऑफसेट मिळवतो, की खरा पत्ता तयार होतो. उदाहरणार्थ, पीसीच्या रंगीत पडद्यावरची अक्षरे ४७,१०४ क्रमांकाच्या सेगमेंटमध्ये असत. त्याला १६ ने गुणले की ७,५३,६६४ हा पत्ता मिळतो. पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातले पहिले अक्षर तिथे राहत असे.

अशी सेगमेंट रजिस्टरे चार होती. एक प्रोग्रॅमच्या सूचनांसाठी, एक माहितीसाठी, एक स्टॅक नावाच्या तात्पुरत्या टिपणांच्या चवडीसाठी आणि एक जादा. या पेठांना पक्क्या हद्दी नव्हत्या. दर १६ बाइटांवर नवी पेठ सुरू होई आणि प्रत्येक पेठ ६५,५३६ बाइट लांब असे. म्हणजे पेठा एकमेकींवर चढलेल्या. एकाच घराचा पत्ता ४,०९६ प्रकारे सांगता येत असे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याचा जाच होई. माहिती ६४ किलोबाइटांच्या आत असेल, तर नुसता घर क्रमांक पुरे. त्याहून जास्त असेल, तर प्रत्येक वेळी पेठही बदलावी लागे. ‘जवळचे’ आणि ‘लांबचे’ असे दोन प्रकारचे पत्ते सी भाषेच्या तेव्हाच्या कंपायलरांत असत ते यामुळेच. तरी ८०८६ मध्ये पेठ बदलण्याची सूचना पुस्तकी हिशेबाने २ ठोक्यांत होत असे. एका रजिस्टरातला आकडा दुसऱ्यात उतरवायलाही तेवढेच ठोके लागत. पेठ बदलणे म्हणजे केवळ एक आकडा लिहिणे होते. कोणी काही विचारत नसे.

पहाऱ्याची मजुरी

१९८२ साली आलेल्या ८०२८६ पासून ही स्थिती बदलली. या प्रोसेसरला दोन पद्धती होत्या. रिअल मोडमध्ये तो जुन्यासारखाच वागे. प्रोटेक्टेड मोडमध्ये मात्र सेगमेंट रजिस्टरातला आकडा हा पेठेचा पत्ता राहिला नाही. तो टोकन क्रमांक झाला.

प्रोसेसर हे टोकन घेऊन मेमरीतल्या एका तक्त्याकडे जातो. तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीला डिस्क्रिप्टर म्हणतात आणि ती ८ बाइटांची असते. सेगमेंट कुठे सुरू होतो, किती लांब आहे, त्यात सूचना आहेत की माहिती, तिथे लिहिण्याची परवानगी आहे की फक्त वाचण्याची, आणि कोणत्या दर्जाच्या प्रोग्रॅमला तिथे प्रवेश आहे, हे सगळे त्या नोंदीत असते. दर्जे ० ते ३ असे चार. शून्य हा सर्वांत वरचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा, आणि तीन हा आपल्यासारख्यांच्या प्रोग्रॅमचा.

तेव्हा प्रोटेक्टेड मोडमध्ये सेगमेंट रजिस्टर बदलताना प्रोसेसर एवढी कामे करतो. टोकन तक्त्याच्या हद्दीत आहे ना ते पाहतो. मेमरीतून नोंद वाचतो. तिचा प्रकार तपासतो. मागणाऱ्याचा दर्जा पुरेसा आहे का ते बघतो. तो सेगमेंट सध्या मेमरीत हजर आहे का, याची खात्री करतो. नोंद वापरली गेल्याची खूण तक्त्यात करतो. शेवटी ती सगळी माहिती रजिस्टरच्या एका छुप्या भागात उतरवून घेतो. एवढे झाल्यावर त्या सेगमेंटमधल्या प्रत्येक वाचन-लेखनाच्या वेळी हद्द तपासली जाते ती या छुप्या प्रतीवरून, तक्त्याकडे पुन्हा न जाता. दारावर एकदा ओळखपत्र दाखवायचे आणि मग आत दिवसभर वावरायचे, तसा हा प्रकार आहे. वेळ जातो तो दारावर.

पुस्तकातले आकडे म्हणजे या दारावरच्या कामाची मजुरी. २८६ वर १७ ठोके, ३८६ वर १८, आणि १९८९ च्या ४८६ वर, जिथे सगळेच अधिक चपळ झाले होते, ९. तीनही प्रोसेसरांवर रिअल मोडमध्ये हेच काम दोन-तीन ठोक्यांत होत होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, ती पुढे लागेल. रजिस्टरमध्ये आहे तेच टोकन पुन्हा भरले, तरी प्रोसेसर सगळी तपासणी नव्याने करतो. मधल्या काळात कोणी तक्त्यातली नोंद बदलली असेल, तर ती लागू करण्याचा मार्ग टोकन पुन्हा भरणे हाच आहे. त्यामुळे ‘हे तर तेच आहे’ असे म्हणून प्रोसेसर काम टाळू शकत नाही.

पतसंस्थेतला मार्च

आता माझी गोष्ट. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेच्या पिग्मी खात्यांचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. पिग्मी म्हणजे रोजची ठेव. एजंट दुकानोदुकानी फिरून पाच-दहा रुपये गोळा करतो, पासबुकात हाताने नोंद करतो आणि संध्याकाळी भरणा करतो. सुमारे १,६०० खाती आणि वर्षाला तीनशेच्या आसपास दिवस, म्हणजे ४ लाख ८० हजार नोंदी. वर्षअखेर त्यांवर व्याज काढायचे.

जुना प्रोग्रॅम २८६ वर, रिअल मोडमध्ये चालत असे. डॉसच्या ६४० किलोबाइटांत माहिती मावेनाशी झाली, तेव्हा संस्थेने ३३ मेगाहर्ट्झचा ३८६ घेतला आणि मी डॉस एक्स्टेंडर वापरून प्रोग्रॅम प्रोटेक्टेड मोडमध्ये नेला. खात्यांचे तक्ते अनेक सेगमेंटांत ऐसपैस मांडले. मग आदल्या वर्षाच्या नोंदींवर व्याजाची चाचणी घेतली. जुन्या यंत्रावर जे काम दहा-बारा मिनिटांत होई, त्याला नव्या, जास्त वेगवान यंत्रावर पाऊण तास लागला.

मी संदर्भपुस्तक उघडले आणि मला ती ओळ दिसली. दोनाचे अठरा! माझ्या प्रोग्रॅममध्ये सेगमेंट सतत बदलत होते. कारण मिळाले असे मला वाटले. सहा आठवडे खपून मी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. खात्याची नोंद आवळून ४० बाइटांत बसवली आणि सगळी खाती एकाच सेगमेंटमध्ये कोंबली. ६५,५३६ ला ४० ने भागले की १,६३८ खाती मावतात. संस्था लहान आहे, पुढच्या वर्षी बघू, असे मनाशी म्हटले. ३१ मार्चला व्याजाचे काम काही मिनिटांत संपले. व्यवस्थापकांनी पेढे मागवले.

श्रावणात १,६३९ वे खाते उघडले गेले. त्याची नोंद ६५,५२० व्या बाइटापासून सुरू होत होती आणि तिला ४० बाइट हवे होते. सेगमेंटमध्ये १६ बाइटच उरले होते. १६ बिटांचा ऑफसेट ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येतो, जुन्या मोटारीच्या मैलमापकाचे आकडे नऊ-नऊ-नऊनंतर शून्य होतात तसा. उरलेले २४ बाइट सेगमेंटच्या सुरुवातीला, म्हणजे पहिल्या खात्याच्या नोंदीवर लिहिले गेले. प्रोग्रॅम थांबला नाही. त्याने कुरकूरही केली नाही.

पहिले खाते बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींचे होते. त्या पासबुक घेऊन आल्या आणि खिडकीतल्या कारकुनाला म्हणाल्या, "बाळा, माझ्या पुस्तकात एक आकडा आणि तुझ्या कागदावर दुसराच. खरा कंचा?" संगणकाचा कागद खोटा असेल असे तेव्हा कोणालाच वाटले नाही. पासबुकात नोंद करून भरणा न केल्याचा संशय एजंटावर गेला. आठ दिवस त्याची फेरी बंद ठेवली गेली. त्याच्या पावत्या आणि रोजकीर्द हाताने ताडून पाहिल्यावर तो निर्दोष ठरला. मग सगळे माझ्याकडे वळले, आणि ते योग्यच होते.

एका वेळी दोन गोष्टी

चूक दुरुस्त होईपर्यंत संस्थेचे काम चालावे म्हणून मी जुना, पाऊण तास घेणारा प्रोग्रॅम शाखेतल्या दुसऱ्या ३८६ वर चढवला. त्या यंत्रात मेमरी जास्त होती. त्याच नोंदी दिल्या. काम चहा यायच्या आत संपले.

सेगमेंट तेच होते. ते बदलण्याचे अठरा ठोकेही तेच. मग बदलले काय होते? यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइली मी शेजारी शेजारी ठेवून ओळीने तपासल्या. शाखेतल्या यंत्रावर स्मार्टड्राइव्ह चालू होता. डिस्कवरून वाचलेली माहिती काही काळ मेमरीत राखून ठेवणारा हा डॉसबरोबर येणारा प्रोग्रॅम. तो राहतो विस्तारित मेमरीत, आणि नेमकी तीच मेमरी माझ्या नव्या प्रोग्रॅमला हवी होती. जागा करायला मुख्य यंत्रावरून ती ओळ मी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. खाती एका सेगमेंटमध्ये कोंबल्यावर मेमरी मोकळी झाली आणि ती ओळ मी परत घातली. वेग आला तो त्या ओळीने. श्रेय दिले मी सेगमेंटांना, कारण दोन बदल एकाच वेळी केले होते आणि त्यांतला एक विसरलो होतो.

जे गणित आधी करायला हवे होते, ते मग केले. एका नोंदीमागे सेगमेंटचे दोन बदल धरले, तर ४,८०,००० नोंदींमागे ९,६०,००० बदल. प्रत्येकाला जादा लागणारे ठोके १६. एकूण १ कोटी ५३ लाख ६० हजार. आकडा भीतिदायक दिसतो. पण यंत्र सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोके देत होते. म्हणजे पाऊण तासातला सेगमेंटचा वाटा होता अर्ध्या सेकंदाहूनही कमी.

दुसऱ्या बाजूला डिस्क. तेव्हाच्या डिस्कचा वाचणारा हात इकडून तिकडे न्यायला सरासरी १५ मिलिसेकंद लागतात असे धरू. ३३ मेगाहर्ट्झवर हे जवळजवळ ५ लाख ठोके झाले. सुमारे ३१ हजार सेगमेंट बदलांचा जादा खर्च डिस्कच्या एका हेलपाट्यात निघून जातो. पाऊण तासात असे १ लाख ८० हजार हेलपाटे बसतात. हे गणित पाकिटाच्या पाठीवर पाच मिनिटांत झाले. त्याआधी सहा आठवडे गेले होते.

बारदान वजा करून

त्यानंतर मला अठरा हा आकडा स्वतः मोजून बघायची ओढ लागली. हे दिसते तेवढे सोपे नाही. डॉसचे घड्याळ सेकंदाला १८.२ वेळा पुढे सरकते, म्हणजे दर ५५ मिलिसेकंदांनी. त्याच्या मुळाशी असलेली टायमर चिप सेकंदाला ११,९३,१८२ वेळा मोजते. तिचा एक अंक म्हणजे ३३ मेगाहर्ट्झवर साधारण २८ ठोके. अठरा ठोक्यांची सूचना मोजायला सर्वांत बारीक फूटपट्टीही अठ्ठावीस ठोक्यांची. एक तांदूळ तराजूत घालून त्याचे वजन कळत नाही, हजार घालावे लागतात. तशी ती सूचना हजारो वेळा करायची, लागलेला वेळ घ्यायचा आणि भागायचे.

पण हजार वेळा करण्यासाठी जी फेरी लिहावी लागते, तिलाही वेळ लागतो. म्हणून तीच फेरी आधी रिकामी चालवून तो वेळ वजा करायचा. मार्केट यार्डात बारदानाचे वजन वजा करतात तसे. मध्येच टायमरचा व्यत्यय आला, तर मोजणी फुगते. मेमरीतला मजकूर टिकवण्यासाठी ती सतत ताजी करावी लागते, त्यातही काही ठोके जातात. म्हणून मोजणी पुष्कळदा करून सर्वांत लहान आकडा पाहायचा, कारण व्यत्यय वेळ वाढवतात, कमी करत नाहीत. माझ्या यंत्रावर अठराहून थोडा जास्त आकडा आला. पुस्तकातला आकडा मेमरी ताबडतोब उत्तर देते असे धरून छापलेला असतो, माझ्या यंत्राची मेमरी तेवढी तत्पर नव्हती.

पुस्तकी आकडा आणि खरा वेळ यांतले अंतर सर्वांत ठळक दिसते ते १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत. त्यात ८०८८ हा प्रोसेसर होता. सेगमेंट बदलण्याची सूचना पुस्तकात २ ठोक्यांची, पण ती सूचना स्वतः २ बाइटांची आहे आणि ८०८८ ला मेमरीतून एक बाइट आणायला ४ ठोके लागतात. अशा सूचना ओळीने घातल्या, तर प्रत्येकीला ८ ठोके पडतात, कारण सूचना येईपर्यंत प्रोसेसर वाट पाहत बसतो. मायकेल अॅब्राश यांनी १९९० च्या ‘झेन ऑफ असेंब्ली लँग्वेज’ या पुस्तकात अशा छुप्या खर्चांचा पिच्छा पुरवला आहे आणि ते मोजण्यासाठी टायमर चिपवर आधारलेले साधनही दिले आहे.

१९९३ च्या पेंटियममध्ये ठोके मोजणारे रजिस्टर खुद्द प्रोसेसरमध्येच आले. फूटपट्टी बारीक झाली, पण दोनच वर्षांनी दुसरी अडचण उभी राहिली. पेंटियम प्रोपासून प्रोसेसर सूचना दिलेल्या क्रमाने न करता सोयीने मागेपुढे करू लागले. घड्याळ वाचण्याची सूचनाच मोजायच्या कामाच्या आधी उरकली गेली, तर मोजले काय? म्हणून घड्याळ वाचण्याआधी मागचे सगळे काम पुरे करायला लावणारी दुसरी सूचना घालावी लागते. इंटेलने २०१० साली केवळ यासाठी एक पुस्तिका काढली. डेन्मार्कचे आग्नेर फोग यांनी अनेक प्रोसेसरांवर सूचनांचे वेळ स्वतः मोजून कोष्टके सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांत एकेका सूचनेला दोन निरनिराळे आकडे दिसतात. एक, तिचा परिणाम हाती यायला लागणारा वेळ. दुसरा, तशाच सूचना ओळीने दिल्या तर दर सूचनेमागे पडणारा वेळ. आजच्या प्रोसेसरवर ‘या सूचनेला किती ठोके लागतात’ हा प्रश्न या अर्थाने अपुरा आहे. कशाच्या मागे, कशाच्या पुढे, तक्त्यातली नोंद हाताशी असताना की नसताना, हेही सांगावे लागते.

जिथे नऊ ठोकेही जड होते

माझ्या प्रोग्रॅममध्ये सेगमेंटचा खर्च नगण्य ठरला, म्हणून तो सर्वत्र नगण्य आहे असे नाही. जर्मनीतले योखेन लीटके यांनी १९९३ साली एक निबंध वाचला. विषय होता ऑपरेटिंग सिस्टिममधल्या दोन प्रोग्रॅमांनी एकमेकांना निरोप देण्याचा वेळ. ५० मेगाहर्ट्झच्या ४८६ वर त्यांनी तो सुमारे ५ मायक्रोसेकंदांवर आणला होता, तेव्हाच्या प्रसिद्ध माख प्रणालीच्या वीसपटीहून जास्त वेगवान. ५ मायक्रोसेकंद म्हणजे २५० ठोके. त्यात चार सेगमेंट रजिस्टरे दर ९ ठोक्यांनी बदलली, तर ३६ गेले. जाताना आणि येताना धरले, तर ७२. म्हणजे चौथा हिस्सा!

लीटके यांचा उपाय साधा होता. जवळजवळ सगळे प्रोग्रॅम एकच सलग सेगमेंट वापरतात. तेव्हा रजिस्टर आंधळेपणाने पुन्हा भरायचे नाही. त्यात हवे तेच टोकन आहे का ते आधी पाहायचे, आणि वेगळे असेल तरच भरायचे. प्रोसेसर स्वतः जी तुलना करू शकत नाही, ती दोन-तीन ठोक्यांत प्रोग्रॅमने करायची. लीटके यांचा आकडा माझ्या आकड्याच्या निम्मा होता, तरी त्यांच्याकडे त्याला वजन होते आणि माझ्याकडे नव्हते. फरक आकड्यात नव्हता, तो आकडा किती मोठ्या कामाचा हिस्सा होता यात होता.

पेठा गेल्या, दोन उरल्या

३८६ पासून ३२ बिटांचा ऑफसेट आला आणि एकाच सेगमेंटमध्ये ४ गिगाबाइट मावू लागले. लिनक्स, विंडोज एनटी यांसारख्या प्रणालींनी सगळे गाव एकाच पेठेत आणले. हद्दीचा पहारा पानांच्या, म्हणजे मेमरीच्या ४ किलोबाइटांच्या तुकड्यांच्या व्यवस्थेकडे गेला. २००३ मध्ये एएमडीने ६४ बिटांचा ऑप्टेरॉन आणला, तेव्हा ६४-बिटी पद्धतीत चार मूळ सेगमेंटांची सुरुवात शून्यच धरली जाऊ लागली आणि लांबीची तपासणीही गेली. गूगलच्या नेटिव्ह क्लायंट प्रकल्पाने अनोळखी प्रोग्रॅम कोंडून ठेवण्यासाठी ३२-बिटी यंत्रांवर सेगमेंटची हद्द वापरली होती. ६४-बिटी यंत्रांवर ती हद्द उरली नसल्याने त्यांना दुसरी युक्ती शोधावी लागली.

३८६ मध्ये भर पडलेली एफएस आणि जीएस ही दोन रजिस्टरे मात्र टिकली. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालतात, तेव्हा प्रत्येकाला स्वतःचा एक खासगी कप्पा लागतो. ६४-बिटी लिनक्समध्ये त्या कप्प्याचा पत्ता एफएसमध्ये असतो, विंडोजमध्ये जीएसमध्ये. काम बदलले की हा पत्ता बदलायचा, आणि आजच्या यंत्रांत असे बदल सतत होत असतात. बरीच वर्षे हा पत्ता बदलायला ऑपरेटिंग सिस्टिमचे दार ठोठवावे लागे. २०१२ च्या इंटेल प्रोसेसरांत तो थेट बदलणाऱ्या सूचना आल्या, पण लिनक्सने त्या खुल्या केल्या २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, ५.९ या आवृत्तीत. सूचना वेगवान असणे पुरेसे नव्हते. ती कोणीही वापरू लागला, तर ऑपरेटिंग सिस्टिमने धरलेली गृहीतके मोडतात का, हे आधी तपासावे लागले.

ही सावधगिरी अनाठायी नव्हती. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शिरताना जीएसची अदलाबदल करणारी एक सूचना आहे. पुढचे काम अंदाजाने आधीच सुरू करण्याच्या सवयीमुळे प्रोसेसर ही अदलाबदल झाली नसताना झाली असे, किंवा झालेली असताना झाली नाही असे धरून काही पावले पुढे जाऊ शकतो आणि त्यातून गुप्त माहिती झिरपू शकते, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. त्यावर उपाय केला तो प्रोसेसरला तिथे थांबायला लावण्याचा. म्हणजे पुन्हा दारावर काही ठोके.

खरा कंचा?

माझ्या चुकीकडे आता मागे वळून पाहताना सहा आठवड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त सलते. पहिल्या, ‘संथ’ प्रोग्रॅममध्ये खाती अनेक सेगमेंटांत होती आणि प्रत्येक सेगमेंटची लांबी तक्त्यात नोंदलेली होती. तिथे एखादी नोंद हद्दीबाहेर गेली असती, तर प्रोसेसरने तिथल्या तिथे काम थांबवून चूक दाखवली असती. कारकून वैतागला असता, मला रात्री निरोप आला असता, पण कोणाच्या खात्यावर दुसऱ्याचे आकडे पडले नसते. अठरा ठोक्यांत मी हा पहारा विकत घेत होतो. अर्धा सेकंद वाचवायला तो मी काढून टाकला, आणि त्याची जागा एजंटाच्या पावत्यांनी आणि मावशींच्या पासबुकाने भरून काढली.

त्यानंतर मी दोन नियम पाळत आलो आहे. मोजण्याआधी कागदावर गुणाकार करायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिसरा नियम मावशींकडून मिळाला. संगणकाच्या कागदाइतकाच आपल्या हातातल्या पुस्तकातल्या आकड्यावरही त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी प्रश्न विचारला. संदर्भपुस्तकातला आकडा आणि माझ्या यंत्रावरचा आकडा जुळत नाहीत, तेव्हा मीही तोच विचारतो. दुरुस्ती झाल्यावर त्यांच्या पासबुकावर मी आणि त्या एजंटाने मिळून नवी शिल्लक ताडून पाहिली. त्याने बेरीज हाताने केली, मी यंत्रावर. या वेळी दोन्ही जुळल्या.